त्र्यंबक स्पेशल

“यंदा त्र्यंबकभावजींना काही करायला लावू नका, असं रेखाने बजावलंय,” राजीव फोनवर म्हणाला. “तेव्हा जेवणाचं काहीही आणू नकोस. रिकाम्या हाताने ये. फक्त स्पेशल तेवढी आण.”

त्र्यंबकच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात काचेचं मोजपात्र. बेसमेंटमधल्या टेबलावर सहा ग्लास ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकात दोन-दोन घोट व्हिस्की होती.

“बघतो,” तो म्हणाला.

“बघतो काय? थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार आणि त्र्यंबक स्पेशल नाही, असं कधी झालंय का? रवींद्रने लेबलंसुद्धा प्रिंट करून ठेवलीत यार.”

फोन ठेवल्यावर त्र्यंबकने चौथ्या ग्लासात तेवढंच पाणी घातलं, ग्लास गोल फिरवला आणि नाक आत घातलं. वास चांगला होता. व्हॅनिला होतं, थोडा धूर होता, मागून मधासारखं काहीतरी येत होतं. पण मध्ये काहीच नव्हतं. सुरुवात होती, शेवट होता आणि मधली जागा रिकामी. ती कशाने भरायची हे त्याला कळत नव्हतं, आणि हा अकरावा प्रयत्न होता. त्याने सवयीने जिन्याकडे तोंड करून हाक मारायला श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. मार्चपासून घरात वरती कोणी नव्हतं.

ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळींत त्र्यंबक जोगळेकर म्हणजे ‘नाक’. कोलंबसच्या एका फ्लेवरच्या कंपनीत त्याने एकतीस वर्षं नोकरी केली होती. तिथे त्याला टिम म्हणत. त्याचं काम एवढंच, की लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाला चेरीची जी चव गेल्या वर्षी होती, तीच यंदाही असली पाहिजे. हे काम तो नाकाने करत होता असा लोकांचा समज होता. खरं म्हणजे ते एक मोठं कपाटाएवढं मशीन करायचं आणि त्र्यंबक त्या मशीनमधून निघणाऱ्या कागदावरचे डोंगर-दऱ्या बघायचा. त्याचं स्वतःचं नाक तुमच्या-आमच्यासारखंच होतं. सर्दी झाली की वाहायचं, एवढाच त्याचा विशेष.

घरात नाक होतं ते मंजुषाचं. दूध उद्या नासणार हे तिला आज कळायचं. पब्लिक लायब्ररीत ती मुलांच्या विभागात कामाला होती. परत आलेली पुस्तकं मांडणीत लावताना कुठलं पुस्तक कुठल्या घरातून आलं ते ती वासावरून सांगायची. हे सिगारेटचं घर, हे ओल्या कुत्र्याचं, आणि हे आपल्यापैकी कोणाचं तरी, फोडणी बसलीय पानांना. तिथल्या गोऱ्या बायकांना ही गंमत वाटायची. मंजुषाला त्यात गंमत काय तेच समजायचं नाही, कारण सगळ्यांनाच असं कळतं अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

आणि स्पेशलची सुरुवात तिच्याच एका घोटाळ्यातून झाली होती.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा ते दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पाच घरं त्यांच्याकडे जमली होती. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीची स्कॉच आणलेली. रात्री सगळे गेले आणि सकाळी मंजुषाने पाहिलं, तर ओट्यावर पाच अर्धवट बाटल्या. उरलेली आमटी आणि उरलेलं वरण एका पातेल्यात करून फ्रीजमध्ये जागा करणारी ती बाई. तिने एक मोठी रिकामी बाटली विसळून घेतली, पाचही बाटल्या तिच्यात उपड्या केल्या आणि रिकाम्या बाटल्या कचऱ्यात टाकून दिल्या. दारू ती दारू, त्यात काय एवढं!

दुपारी मंडळी उरलेली संपवायला आली तेव्हा राजीवचं तोंड बघण्यासारखं झालं. तो तेव्हा हाडांचा डॉक्टर म्हणून नवीन लागला होता आणि त्याची बाटली पंधरा वर्षं जुनी, खास डेट्रॉइटहून आणलेली होती. ती रवींद्रच्या कळकट बाटलीच्या गळ्यात गळा घालून बसलेली पाहून तो सोफ्यावर मटकन बसला. रवींद्र मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि फुकट जाऊ द्यायचं नाही हा त्याचा बाणा. त्याने घोटभर घेतली. मग पुन्हा घेतली. मग राजीवच्या हातात ग्लास देऊन म्हणाला, “साल्या, पिऊन तर बघ.”

ती चांगली होती. पाचातल्या एकीलाही स्वतःची जी चव नव्हती ती या मिसळीला आली होती.

“त्र्यंबक, हे तुझं काम आहे,” राजीव म्हणाला. “फ्लेवर केमिस्ट आहेस. उगाच वहिनींच्या नावावर खपवू नकोस.”

त्र्यंबकने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मंजुषा तिथे उभी होती आणि मान हलवून ‘नको’ म्हणत होती. आतल्या खोलीत सासूबाई जप करत बसल्या होत्या. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या. सुनेने दारूच्या बाटल्यांना हात लावला हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर पुढचे सहा महिने कठीण होते.

“केलं थोडंसं,” त्र्यंबक म्हणाला.

एवढंच ते खोटं. त्या वेळी ते खोटं वाटलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी मित्रांनी मागणी केली तेव्हा मात्र पंचाईत झाली. मंजुषाने लायब्ररीतून व्हिस्कीच्या मिश्रणावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. ती मटार सोलत होती आणि तो मोठ्याने वाचत होता. ज्या स्कॉचला लोक ‘ब्लेंडेड’ म्हणून नाक मुरडतात, तिच्यात वीस-वीस, तीस-तीस ठिकाणच्या व्हिस्की असतात. निम्म्याहून जास्त असते ती गव्हाची नाहीतर मक्याची, सौम्य, फारशी न बोलणारी. तिच्यावर बार्लीच्या मॉल्ट व्हिस्की रचायच्या. कुठली धुराची, कुठली शेरी वाइनच्या पिंपातली, कुठली फुलांच्या वासाची. आणि हे रचणारा माणूस पीत नाही. रोज पिऊन कसं चालेल? तो पाणी घालून वास घेतो. नवीन चव शोधणं हे त्याचं मुख्य काम नाहीच. कुठली भट्टी बंद पडो, कुठलं पीप वाईट निघो, ग्राहकाने बाटली उघडली की त्याला गेल्या वर्षीचीच चव मिळाली पाहिजे, हे त्याचं काम.

मंजुषा सालपटं गोळा करत म्हणाली, “प्यायची नाही ना? मग हे मला जमेल.”

तेव्हापासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पाचही घरं आपापली ठरलेली बाटली आणून द्यायची आणि ग्लास मांडले जायचे, पुढे घर घेतल्यावर बेसमेंटमध्ये. त्र्यंबक मोजपात्राने मोजायचा आणि मंजुषा वास घ्यायची. आधी डाव्या नाकपुडीने, मग उजव्या, तोंड जरासं उघडं ठेवून. आयुष्यात तिने थेंब जिभेवर घेतला नाही. प्रत्येकीला तिने आपल्या भाषेत नावं ठेवली होती. धुराची होती ती ‘दवाखाना’. शेरीच्या पिंपातली ‘भिजवलेल्या मनुका’. एक होती ‘ओली सुपारी’. आणि ती सौम्य, गव्हाची, तिला ती ‘भात’ म्हणायची. “भाताची कोण तारीफ करतं हो?” ती म्हणायची. “पण भात नसेल तर आमटी काय हातावर वाढणार?”

तीन आठवडे सगळं मिश्रण लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून मुरायचं. शनिवारी त्र्यंबक बाटल्या घेऊन पुढे चालायचा आणि मंजुषा मागून पेपर प्लेट्स घेऊन यायची.

दोन हजार अकरा साली रवींद्र आणायचा ती मधाच्या वासाची व्हिस्की कंपनीने बंदच केली. मंजुषाने सहा दिवस खटपट करून, दुसऱ्या तिघींना एकत्र आणून, तोच वास पुन्हा उभा केला. सातव्या दिवशी ग्लास खाली ठेवून ती खुर्चीत टेकली आणि लहान मुलीसारखी हसली. त्या शनिवारी रवींद्र म्हणाला, “बंद झाली म्हणतात, पण त्र्यंबकने कुठून तरी मिळवलीच!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्र्यंबकने मान लववली.

सासूबाई नव्व्याण्णव साली गेल्या होत्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बहुधा त्या टाळ्यांच्याच रात्री, गाडीतून परत येताना मंजुषा म्हणाली होती, “अहो, आता सांगितलंत तरी चालेल.”

“काय?”

“तेच. कोण करतं ते.”

“पुढच्या वर्षी सांगू,” तो म्हणाला होता. “मस्त जाहीर करू.”

ती ‘बरं’ म्हणाली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही आणि त्यानेही नाही. बारा-तेरा पुढची वर्षं आली आणि गेली. लोक त्याला ‘नाक’ म्हणायचे आणि ते ऐकायला बरं वाटायचं. एकतीस वर्षं खोकल्याच्या औषधाच्या चवीखेरीज ज्याच्या हातून काही झालं नाही, त्या माणसाला वर्षातून एक संध्याकाळ कोणीतरी मोठं म्हणत होतं. ती संध्याकाळ सोडायची त्याची हिंमत झाली नाही. त्यामागे दुसरं काही कारण नव्हतं, आणि आता बेसमेंटमध्ये एकटा बसून तो ते स्वतःपाशी कबूल करत होता.

तिची वही त्याच्यासमोर होती. पण त्या वहीचा उपयोग किती? ‘दवाखाना दीड चमचा, जास्त बोलायला लागली तर गप्प बसवणे.’ कशाने गप्प बसवणे? ‘मनुका अंदाजाने.’ कोणाच्या अंदाजाने? शिवाय ‘दवाखाना’ आणणारा, त्या पाच घरांतला शंतनू गेल्या वर्षी मुलाजवळ नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहायला गेला होता. त्याच नावाची बाटली त्र्यंबकने दुकानातून आणली, तर ती पहिल्यापेक्षा जहाल निघाली.

टेबलाच्या कोपऱ्यात एक लहान बाटली होती. दरवर्षीच्या स्पेशलमधली तेवढी मंजुषा बाजूला काढून ठेवायची, पुढच्या वर्षी वास जुळवायला. तिला ती ‘विरजण’ म्हणायची. ही गेल्या नोव्हेंबरची होती, तिने केलेली शेवटची. चार बोटं उरली होती. त्र्यंबकने टोपण उघडलं, वास घेतला. मधली जागा भरलेली होती. त्याने घाईघाईने टोपण लावलं.

रविवारी क्युपर्टिनोहून निहारचा फोन आला.

“बाबा, टेक इट ईझी. कुठलीतरी चांगली बॉटल विकत घ्या आणि तीच द्या. नोबडी विल नो.”

“निहार, ती मी करत नव्हतो. आई करायची.”

निहार अगदी हळू आवाजात म्हणाला, “बाबा, आई डिडन्ट ईव्हन ड्रिंक.”

“प्यावं लागत नाही त्याला. वास घेऊन...”

“आय नो यू मिस हर, बाबा. मी पण. तुम्ही डॉक्टर मेहरांना भेटलात का? त्या ग्रुपचं काय झालं?”

तो ग्रुप म्हणजे बायका गेलेल्या आणि नवरे गेलेल्या लोकांचा. बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये गोल खुर्च्या मांडून बसायचे. त्र्यंबक एकदा जाऊन आला होता. “जाईन,” तो म्हणाला.

पोटच्या मुलालासुद्धा खरं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी त्र्यंबकने ठरवलं. शनिवारी आपली स्पेशल न्यायची आणि सांगायचं. सांगावंही लागणार नाही. पहिल्या घोटालाच त्यांना कळेल की ही ती नव्हे. छत्तीस वर्षं पितायत, कळणार नाही तर काय? मग विचारतील, आणि मग तो सांगेल. मंजुषाचं नाव मंजुषाला मिळेल. त्याची फजिती होईल ती होईल. बाराव्या प्रयत्नाची स्पेशल त्याने बरणीत घातली, फडकं बांधलं आणि तीन आठवडे तिच्याकडे पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता तो राजीवच्या दारात उभा राहिला तेव्हा हातात चार बाटल्यांची पिशवी होती आणि कोटाच्या खिशात ती लहान बाटली. खिशातली का घेतली, हे त्याचं त्यालाच नीट माहीत नव्हतं. लागली तर असावी, एवढंच.

घरात गर्दी नव्हती. पाच घरांतली आता दोन-अडीच उरली होती. राजीव, त्याची बायको रेखा, रवींद्र आणि राजीवच्या शेजारी नवीन राहायला आलेला नागपूरचा केदार. चाळिशीचा, आयटीतला, बायको-मुलं भारतात गेलेली म्हणून एकटाच आलेला.

“काका, खरं सांगू का,” केदार म्हणाला, “मी ब्लेंडेड घेत नाही. ओन्ली सिंगल मॉल्ट. पण तुमच्या स्पेशलबद्दल इतकं ऐकलंय ना, की आज एक्सेप्शन.”

“सिंगल मॉल्ट म्हणजे एकट्याचं गाणं,” रवींद्र म्हणाला. “ही आमच्या त्र्यंबकची मैफल आहे. बस, बस.”

राजीवने ग्लास भरले. रेखा स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या वड्या तळत होती, तिथूनच तिने ‘या भावजी’ म्हणून हाक दिली. त्र्यंबक खुर्चीच्या कडेवर बसला. राजीवने घोट घेतला, डोळे मिटले. रवींद्रने घोट घेतला.

“वा!” राजीव म्हणाला.

“तीच,” रवींद्र म्हणाला. “अगदी तीच. इकडची तिकडे नाही. मानलं बुवा तुला. असल्या वर्षातसुद्धा!”

त्र्यंबक त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, चेष्टा करतायत. मग वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतायत. पण नाही. राजीव दुसरा घोट घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं सुख होतं.

“नीट घेऊन बघ,” त्र्यंबक म्हणाला. “मध्ये रिकामी नाही वाटत?”

“रिकामी? फर्स्ट क्लास आहे.”

“राजीव, ही मी केलीय.”

“मग काय, दरवेळी तूच तर करतोस.”

“नाही. दरवेळी मंजुषा करायची. ही पहिली मी केलेली.”

राजीवने ग्लास ठेवला आणि उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचा त्याचा एक आवाज होता. तो आवाज काढून तो म्हणाला, “अरे, वहिनींची साथ होतीच ना. त्याशिवाय आपण काय करणार होतो? आमचंही तेच आहे.”

“साथ नव्हे रे. साथ माझी होती. मी मोजून द्यायचो. काय किती घालायचं ते ती वास घेऊन सांगायची. पहिल्यापासून. पाच बाटल्या तिनेच ओतल्या होत्या, ते काय मुद्दाम केलं नव्हतं तिने, पण पुढचं सगळं तिचंच. बंद झालेली मधाची तिने परत बांधली. मी टाळ्या घेतल्या.”

रवींद्र आपल्या बुटांकडे बघत होता. केदारने फोन काढून पुन्हा खिशात ठेवला. आपलं बोलणं या लोकांना विधुराचा हळवेपणा वाटतोय, हे त्र्यंबकला स्वच्छ दिसलं. इथे कोणी त्याला खोटा म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर परवडलं असतं. सगळे त्याला सांभाळून घेत होते.

त्याने खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

“ही गेल्या वर्षीची. तिची. एवढीच उरलीय. एका ग्लासात ही आणि एकात माझी. तुम्ही सांगा कुठली कुठली.”

“अरे, ठेव ती. आठवण म्हणून ठेव,” रवींद्र म्हणाला.

“नको. आज कळू दे.”

“ब्लाइंड टेस्टिंग!” केदारला हायसं वाटलं. “मस्त. चला काका, मी पण.”

त्र्यंबक सहा ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि रेखाकडे तीन टिकल्या मागितल्या. “कशाला हो?” म्हणत तिने ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. तीन ग्लासांच्या बुडाला त्याने टिकल्या चिकटवल्या आणि त्यांत लहान बाटलीतली व्हिस्की ओतली. थेंब सांडू दिला नाही. बाटली निथळून रिकामी झाली. बाकीच्या तिघांत आपली. प्रत्येकासमोर दोन-दोन ग्लास ठेवून तो बाजूला उभा राहिला.

ते बराच वेळ घेत होते. मनापासून घेत होते, हेही त्याला दिसत होतं. राजीवने तर मध्ये पाणी पिऊन जीभ साफ केली. शेवटी राजीवने उजवीकडचा ग्लास उचलला. “ही जुनी. शंका नाही.” रवींद्रने दोनदा मत बदललं आणि एक पुढे केला. केदार म्हणाला, “दोन्ही जबरदस्त आहेत काका, पण ही जास्त स्मूद आहे. ही काकूंची असणार.”

“तिच्या ग्लासांच्या बुडाला टिकली आहे,” म्हणत त्र्यंबकने तिन्ही ग्लास उचलून बुड दाखवलं. एकालाही टिकली नव्हती.

आधी केदार हसला, मग रवींद्र. राजीव तर खूश होऊन उभाच राहिला. “म्हणजे बघ! तू तिच्याइतकीच छान केलीस! उगाच इतके दिवस डोक्याला ताप करून घेतलास. तुला येतं की यार!”

याहून वाईट काही राजीव बोलू शकला नसता आणि याहून प्रेमाने कोणी बोलूही शकलं नसतं. त्र्यंबकने रिकाम्या लहान बाटलीकडे पाहिलं. ती शेवटची चार बोटं त्याने कशासाठी उडवली होती? फरक कळणारा तो एकटाच उरला होता, आणि त्या एकट्याच्या शब्दाला आज काही वजन नव्हतं. छत्तीस वर्षं त्यानेच तसं करून ठेवलं होतं.

“मला येत नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “ऐकताय का? मला येत नाही. मी छत्तीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. तिने सांगा म्हटलं, तरी मी सांगितलं नाही. मला तुम्ही ‘नाक’ म्हणायचात ते आवडायचं. बस, एवढंच.”

आता मात्र राजीव खाली बसला.

रेखा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हातात झारा. ती कधी आली ते कोणाला कळलं नव्हतं. तिने झारा आत ठेवला, पदराला हात पुसत पुढे आली आणि राजीवसमोरचे दोन्ही ग्लास उचलले. त्यांत अजून घोट-घोट होती. तिने बुड पाहिलं नाही. एकाचा वास घेतला, मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा.

“मला यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “पण या दोन वेगळ्या आहेत. ही...” तिने डावा ग्लास जरा वर केला. “ही भरलेली आहे. वास येतो आणि मग राहतो. दुसरीचा येतो आणि मधूनच जातो.”

त्र्यंबकने वाकून तिच्या हातातल्या डाव्या ग्लासाच्या बुडाकडे पाहिलं. लाल टिकली होती. त्याने मान हलवली.

रेखा तो ग्लास दोन्ही हातांत धरून समोरच्या खुर्चीत बसली.

“रोज सकाळी आठ वाजता आम्ही फोन करायचो,” ती म्हणाली. “रोज. तिच्या बायॉप्सीचं तिने आधी मला सांगितलं, मग तुम्हाला. निहारचं लग्न मोडायला आलं होतं, ते मला माहीत होतं. हे नाही सांगितलं.”

“वहिनी, चूक माझी आहे. मीच कोणाला...”

“तुम्ही नाही सांगितलंत ते कळलं हो, भावजी. तिने मला का नाही सांगितलं?”

त्र्यंबककडे उत्तर होतं आणि ते त्याला त्याच क्षणी समजलं होतं. तिने एकीला सांगितलं असतं, तर दर वर्षी या खोलीत त्र्यंबकला टाळ्या पडताना त्याच्याकडे बघून मनात हसणारं एक माणूस असतं. तेवढंसुद्धा तिने होऊ दिलं नव्हतं. स्वतःच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीपासून तिने त्याची लाज झाकून ठेवली होती. हे रेखाला सांगावं असं त्याला वाटलं. पण सांगितलं असतं तर तो पुन्हा स्वतःबद्दलच बोलत राहिला असता, म्हणून तो गप्प राहिला.

रेखा ग्लासाचा वास घेत बसली. प्यायली नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिने ग्लास खाली ठेवला नाही. तो ग्लास कोणीही परत मागितला नाही.

जळकट वास पहिल्यांदा त्र्यंबकला आला. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. तो उठून स्वयंपाकघरात गेला. कढईत शेवटचा घाणा होता आणि वड्या कडेने काळ्या पडायला लागल्या होत्या. त्याने शेगडी बंद केली, झारा शोधला, एकेक वडी उचलून कागदावर निथळत ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तळण काढत होता. दोन बोटांना तेल लागलं तेव्हा त्याने ती नळाखाली धरली आणि पुन्हा झारा हातात घेतला.

त्याने आधीच्या चांगल्या वड्या ताटात मांडल्या, शेजारी चटणीची वाटी ठेवली. जळलेल्या पाच होत्या. त्या त्याने एका पेपर प्लेटमध्ये आपल्यासाठी काढल्या आणि ताट घेऊन बाहेर गेला.